‘घेतला’ म्हणेपर्यंत

डोळे मीट. खरंच मीट, एक किलकिला ठेवून चालणार नाही. वाचायला लागेल तेव्हा उघड. आता समज, की तुझ्या उजव्या खिशात एक चाकू आहे. दचकू नकोस, मिटलेला आहे. तुझ्या मधल्या बोटाएवढा लांब, आणि पातं मुठीच्या खाचेत गपगुमान पडलेलं. सकाळी खिशात टाकताना तो थंड असतो, दुपारपर्यंत अंगाइतकाच गरम होतो, आणि चालताना मांडीला हलकेच लागत राहतो. तो उघडायचा कसा? पात्याच्या पाठीजवळ नखाएवढी एक खाच असते. तिच्यात अंगठ्याचं नख अडकवायचं आणि ओढायचं. आधी पातं नाही म्हणतं. मग अर्ध्यावर आलं की आपणहून पुढे होतं आणि टक् करून ताठ उभं राहतं. तो टक् ऐकू आला? आला असेल तर पुढची गोष्ट तुला कळेल. नसेल आला तर पुन्हा मीट डोळे. घाई नाही.

आता समज, की तो खिसा तुझा नाही. तो एका बाईचा आहे, तिच्या करड्या, गुडघ्यापर्यंतच्या, बटणांच्या अंगरख्याचा. तिला घरचेदारचे सगळे आत्या म्हणतात. खरी आत्या ती एकाचीच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. या गोष्टीत तुझ्याएवढी एक मुलगी आहे, ती मात्र शेवटी येते. तोवर आपल्याला आत्याच्या डोक्यात बसायचं आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, तिथे बसायला गादी नाही. आत्याला जगात फार थोडी माणसं पसंत होती, आणि त्यांतली बहुतेक मेलेली होती. मेलेल्या माणसांचं एक बरं असतं, असं ती म्हणायची, ती वस्तू मागायला येत नाहीत.

त्या सकाळी खोक्यांच्या कारखान्याच्या दारात एक नवीच चौकट उभी केलेली होती. पलीकडे खोली नाही, मध्ये दार नाही, नुसती चौकट. तिच्यातून एकेकाने जायचं आणि ती ओरडली की थांबायचं. शेजारी नवा पहारेकरी. त्याच्या सदऱ्याची इस्त्री त्याच्यापेक्षा जास्त ताठ होती. माणसं आपापल्या किल्ल्या, नाणी, चष्म्यांची घरं प्लास्टिकच्या तबकात टाकत होती आणि पलीकडे जाऊन परत गोळा करत होती, आणि हे सगळं इतक्या शहाण्यासारखं करत होती, की आत्याला वाटलं, उद्या यांना कोणी रांगेत उभं राहून भुंकायला सांगितलं तर हे फक्त एवढंच विचारतील, किती वेळा? ती चौकटीतून गेली. चौकट ओरडली.

“आजी, खिशात काय आहे?”

“चाकू.”

“चाकू?” पहारेकऱ्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. त्याला प्रेक्षक मिळाले होते. “कशाला हो चाकू, आजी? कोणाचा गळा कापायचाय?”

“ते अजून ठरलं नाही,” आत्या म्हणाली. “रांगेत उभे राहा, नंबर लागेल.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. पहारेकऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “उघडून दाखवा,” तो म्हणाला.

आत्याने चाकू डाव्या तळव्यावर घेतला आणि उजवा अंगठा खाचेवर टेकवला. म्हणजे टेकवला असावा. नख अडकलं की नाही, हे अंगठा सांगेना. तिने ओढलं. अंगठा पात्यावरून घसरून रिकामाच वर आला, एखाद्या विसराळू माणसाचा हात ओळखीच्या दाराची कडी चुकतो तसा. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. आता खाली पाहून, नख कुठे आहे ते डोळ्यांनी शोधून, तिने तिसऱ्यांदा ओढलं आणि पातं केसभर उचललं जाऊन पुन्हा आत बसलं. रांगेतलं हसू थांबलं. तिला ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट वाटलं. हसणाऱ्या माणसाला निदान उत्तर देता येतं.

“द्या इकडे,” पहारेकरी म्हणाला. ‘द्या’ म्हणताना त्याने तो घेतलाच होता. टक्. उघडला, इकडून तिकडून पाहिला, आणि मांडीवर आपटून एका हाताने मिटला. “पातं तर आखूड आहे. पण नियम म्हणजे नियम. सुटताना घेऊन जा.” आणि त्याने तो तबकात टाकला, कोणाच्या तरी नेलकटरशेजारी.

नेलकटरशेजारी! ती काम करायची त्या नमुन्यांच्या खोलीकडे जाताना, खिसा रिकामा असल्याने तिचा उजवा पाय हलका पडत होता, म्हणून ती जरा लंगडत होती. गेले काही महिने तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तिच्याशी बोलेनाशी झाली होती. दुखत नव्हती, दुखली असती तर तिने दुखण्याला शिव्या देऊन दिवस काढले असते. ती नुसती गप्प झाली होती. बटण लावलं की नाही ते आरशात पाहावं लागे. चहाचा पेला गरम आहे हे ओठांना आधी कळे. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितल्यावर काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. आधी चाकू काढून घेतील. मग कारखान्यातला कटर. मग नमुन्यांच्या खोलीतलं उंच स्टूल. आणि मग गळ्याला रुमाल बांधून, प्रेमाने, चमच्याने सूप भरवतील. त्या प्रेमाचा विचार आला की तिला मळमळायचं.

चाकू मांडीवर आपटून मिटणारा माणूस तिच्या बाबांनी खड्ड्यात उभासुद्धा केला नसता. बाबा जमिनीखालच्या टेलिफोनच्या तारा जोडायचे. रस्त्यात खड्डा, खड्ड्यात बाबा, आणि वरून लोक वाकून विचारणार, काय हो, आमचा फोन कधी सुरू होणार? खड्ड्यात दोघेच मावायचे, बाबा आणि त्यांचा जोडीदार, पाठीला पाठ लावून, आणि उजेड इतका कमी की दिलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात पोचली की नाही हे दिसायचं नाही. म्हणून त्यांच्या कामात एक रीत होती. देणाऱ्याने अवजाराची मूठ पुढे करायची. घेणाऱ्याने धरायची, आणि वजन हातात आलं की म्हणायचं, ‘घेतला’. ते ऐकल्यावरच देणाऱ्याने सोडायचं, एक श्वासही आधी नाही. खड्ड्यातली ही रीत चिखलाच्या बुटांबरोबर घरी आली आणि बूट दारात राहिले तरी ती आत शिरली. चाकू घेतला, कात्री घेतली, उकळतं भांडं घेतलं. आत्याला नामांचं लिंग शाळेत शिकावं लागलं नाही. पाहुण्यांना हसू यायचं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने नवऱ्यापुढे चहाचा कप धरला, त्याने कपाचा कान पकडला, आणि तिने सोडलाच नाही.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“म्हणा ना.”

“काय म्हणू?”

“घेतला.”

“काय घेतला?”

“कप!”

“तो तर दिसतोय घेतलेला.”

“दिसून काय उपयोग? म्हणायला हवं.”

दोघांनी कप ओढला आणि चहा त्याच्या नव्याकोऱ्या विजारीवर सांडला. नवरा भला माणूस होता, म्हणजे ज्याला धार नाही त्याला लोक भला म्हणतात त्या अर्थाने. पुढे एका वाढदिवसाला त्याने तिला एक जाडजूड चाकू आणून दिला, त्यात अकरा अवजारं. पातं, छोटं पातं, कात्री, करवत, बूच काढायचा पिळा, चिमटा, दात कोरणी, आणि काही अशी, की ती कशासाठी आहेत हे कोणालाच सांगता येईना. “तुझा तो मोडका टाकून दे आता,” तो म्हणाला होता, मोठ्या प्रेमाने. अकरांपैकी एकालाही धड धार नव्हती. अकरा जणांची समिती नेमली की काम कसं होतं, ते त्या चाकूत पाहून घ्यावं. शेवटी तो नवरा स्वतःच वापरायला लागला, म्हणजे जेवणानंतर दात कोरायला, आणि दात कोरून पोट भरत नाही हे त्याला कोणी सांगितलं नसावं, कारण तो पुष्कळ वेळ कोरत बसायचा. तो गेल्यावर ते धूड तिच्या टेबलाच्या खणात आलं. अधूनमधून ती त्याला तेल देते. गंजाचा वास तिला सहन होत नाही, एवढंच कारण.

नमुन्यांच्या खोलीत तिच्यासाठी एक कागद ठेवलेला होता: औषधाच्या सहा बाटल्या मावतील असा खोका, झाकण आत दुमडणारं. हल्ली साधे खोके यंत्र कापतं, आडवेतिडवे तेवढे तिच्याकडे येतात. पुठ्ठ्याला वीण असते, लाकडाला असते तशी. विणीच्या अंगाने घडी घातली की ती सरळ पडते, आडवी घातली की फुगते आणि चिरते. वीण कुठल्या अंगाने जाते हे पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला की कळतं. निदान आजवर कळत होतं. आत्याने अंगठा फिरवला. पुठ्ठा गप्प. तिने अंदाजाने कापलं, हाडाच्या पट्टीने घड्या पाडल्या, खोका उभा केला. खोका पोट फुगवून तिच्यापुढे उभा राहिला, जेवून आलेल्या पुढाऱ्यासारखा. शेजारच्या टेबलावरचा आकृत्या काढणारा पोरगा कानात गाणी घालून पडद्याकडे पाहत होता. त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्याला कळलं नसतं, आणि आज पहिल्यांदाच आत्याला त्याच्या अडाणीपणाचा आधार वाटला. तिने खोका मोडून, चुरगाळून, रद्दीच्या पिंपात अगदी तळाशी दडपला आणि वर दुसऱ्यांचे तुकडे टाकले.

दुपारी हिशेबाच्या खोलीत कोणाचा तरी वाढदिवस निघाला. तिथे दर आठवड्याला कोणी ना कोणी जन्मलेलं असतंच. “आत्या, चाकू!” दारातून हाक आली. हीच ती माणसं. पहिल्या वर्षी यांनीच मागे कुजबुज केली होती, की बाईमाणसाच्या खिशात चाकू शोभतो का, आणि नवरा कसा झोपतो हिच्या शेजारी. मग एक दिवस कोणाचं तरी पार्सल फुटेना आणि कुजबुज बंद पडली. तेव्हापासून केक, पार्सलं, पॅकिंगच्या पट्ट्या, नव्या चपलांची लेबलं. एका मॅडमनी तर त्याने लिफाफ्यावरचं तिकीट खरवडलं होतं आणि परत देताना पातं तिच्याकडे करून दिला होता. चाकू बाळगणाऱ्याला लोक हसतात आणि न बाळगणारे लोक दिवसभर चाकू शोधत असतात, हे एवढं ज्ञान आत्याने नोकरीत मिळवलं होतं. पंचवीस वर्षं झाली तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवून तिला एक चाकू भेट दिला होता, निळ्या मखमलीच्या डबीत, सोनेरी मुलाम्याचा, वर कारखान्याचं नाव कोरलेला. त्याने पिकलेलं केळंही कापलं नसतं. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही. ही तर खुपसायलाही गेली नसती.

“आज नाही,” आत्या म्हणाली.

“नाही? म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. चाकू दारात बसलाय, नेलकटरशी गप्पा मारत.”

त्यांनी केक स्टीलच्या पट्टीने कापला. कापला म्हणजे जमीनदोस्त केला. तिच्या हातात एका कागदी बशीतून ढिगारा आला आणि देणाऱ्या पोरीने, आत्याची बोटं मिटली आहेत का हे न पाहताच, बशी सोडून दिली. बशी तिरपी झाली, केक अंगरख्यावर आला. “अगं बाई! सॉरी सॉरी!” पोरगी किंचाळली. सगळ्यांना वाटलं, पोरीचा धांदरटपणा. आत्याने तसंच वाटू दिलं, आणि पोरीकडे अशा नजरेने पाहिलं की ती रडकुंडीला आली. अंगरखा पुसताना तिला आपलीच किळस आली, पण ती तिने लगेच पोरीच्या खात्यावर टाकली.

आणि मग दादा आठवला, कारण अशा वेळी तोच आठवतो. दादा दहा वर्षांचा, ती आठाची. बाबांनी आपला एक जुना चाकू घासूनपुसून, नवी लाकडी मूठ बसवून त्याच्यासाठी आणला होता. तिच्यासाठी काही नाही; मुलीला चाकू कशाला? बाबांनी पातं उघडून दाखवलं, स्वतः पात्याच्या पाठीला धरलं आणि मूठ पुढे केली. दादाला धीर कसला? हात अजून वाटेत होता आणि तोंडाने तो म्हणाला, “घेतला!” बाबांनी सोडला. चाकू टोकाकडून फरशीवर पडला आणि एक बारीक, घाणेरडा आवाज झाला. टोकाचा तुकडा कपाटाखाली गेला. “तुम्हीच आधी सोडलात!” दादा ओरडला. बाबांनी वाकून चाकू उचलला, मोडकं टोक उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, “असेल.” ते ‘असेल’ तिला अजून पचलेलं नाही. तिने पाहिलं होतं. दादाची बोटं आणि मूठ यांच्यामध्ये चांगली वीतभर हवा होती, आणि त्या हवेला तो ‘घेतला’ म्हणाला होता. मोडका चाकू दादाने हातात धरला नाही. म्हणून तो तिला मिळाला. तशा घरातल्या पुष्कळ वस्तू तिला मोडल्यावरच मिळाल्या. बाबांनी रोज कामावरून आल्यावर दगडावर थोडा थोडा घासून त्याला नवं टोक आणून दिलं, आणि पातं आखूड झालं ते झालंच. दादा मात्र जन्मभर आधीच ‘घेतला’ म्हणत आला. घर बांधायच्या आधी दाराची पाटी करून आणली. लग्न ठरायच्या आधी सासऱ्याला बाबा म्हणू लागला. नव्या नोकरीचा पत्ता नसताना जुन्या साहेबाला सुनावून आला. आणि दरवेळी, काही खाली पडून फुटलं की, समोरच्यानेच आधी सोडलेलं असायचं.

सुटताना ती दारात गेली तेव्हा पहारेकरी संत्रं खात होता. टेबलावर सालीचं लांबलचक, न तुटलेलं वेटोळं पडलं होतं, आणि शेजारी तिचा चाकू, उघडा.

“आजी, धार मस्त आहे हो!” तो म्हणाला आणि एका बोटाने चाकू तिच्याकडे सरकवला. “आमच्या घरच्या सुऱ्या म्हणजे नुसत्या चमच्याच्या बहिणी.”

आत्याने चाकू उचलला. काही माणसांचा तिरस्कार करायलासुद्धा ओळख वाढवावी लागते, आणि तिला ती वाढवायची नव्हती. बाहेर पडून तिने रुमालाने पातं पुसलं, रस चिकट झाला होता, म्हणून जोर देऊन पुसलं, आणि दोन्ही तळव्यांत धरून, बाबांनी शिकवलं होतं तसा, मिटला. खिशात वजन आलं. पाय पुन्हा पायासारखा पडू लागला.

ती राहायची दादाच्याच घरात, मागच्या खोलीत. दादा, त्याचा मुलगा म्हणजे तिचा भाचा, आणि भाच्याची मुलगी. मुलीची आई परगावी कामाला होती, महिन्यातून येऊन जायची. मुलीला सगळे मुंगी म्हणायचे. लहान होती म्हणून नव्हे, तर एकदा धरलं की सोडायची नाही म्हणून. जेवायच्या टेबलाशी आत्या बसली आणि भाच्याचा चमचा हवेतच थांबला.

“आत्या, तुझ्या बाहीला रक्त आहे.”

आत्याने खाली पाहिलं. उजव्या अंगठ्यावर एक चीर होती, चांगली खोल, आणि तिच्यातून रक्त येत होतं, सावकाश, कोणाला त्रास न देता. तिने त्या अंगठ्याकडे पाहिलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे पाहतात तसं. पुसताना केव्हा कापलं? रस्त्यात? किती लोकांनी पाहिलं? 

“पुठ्ठ्याने कापलं,” ती म्हणाली.

“पुठ्ठ्याने एवढं कापतं?” दादा म्हणाला. “आणि तुला कळलंसुद्धा नाही?”

“तुला साठ वर्षांत पुष्कळ गोष्टी कळल्या नाहीत, मी कधी विचारलं?”

“तो चाकूच असणार. माझाच आहे तो खरं म्हणजे. बाबांनी आधी सोडला नसता तर...”

“तू आधी बोलला नसतास तर.”

“बास!” भाचा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता; पट्टी आणि कापूस घेऊन आला, तिच्या अंगठ्याला गुंडाळलं, आणि गुंडाळता गुंडाळता त्याने अंगठ्याचं टोक जरा जास्तच दाबून पाहिलं. तिने चेहरा हलवला नाही, आणि तिथेच चुकलं. दाबल्यावर दुखायला हवं होतं. भाच्याने तिच्याकडे पाहिलं, तशीच नजर तिने सकाळी रांगेत पाहिली होती. “आत्या,” तो मऊ आवाजात म्हणाला, “तो चाकू आता माझ्याकडे दे. कपाटात ठेवतो. लागला तर माग ना, मी कुठे नाही म्हणतोय?”

माग ना! आयुष्यभर दुसऱ्यांना जे करताना तिने पाहिलं होतं, ते आता तिने करायचं. दारात उभं राहून हाक मारायची, अरे, चाकू! सुपाचा वास आला, खरोखर आला, कारण टेबलावर सूपच होतं. “जेवण झाल्यावर बघू,” ती म्हणाली आणि न जेवताच आपल्या खोलीत गेली.

खिडकीशी अजून उजेड होता. तिने चाकू काढला आणि उघडायचा प्रयत्न केला. आता तर अंगठ्याला पट्टीही होती. मागे दार वाजलं तशी तिने पाठ फिरवली.

“आत्याआजी, पेन्सिल.”

मुंगी. हातात बिनटोकाची पेन्सिल, कपाळावर आठी. या घरात आठी घालायची कला दोघींनाच नीट येत होती.

“शार्पनर कुठे गेला तुझा?”

“तो बावळट आहे. टोक करतो आणि स्वतःच खातो.”

आत्याला हे वर्णन पटलं. ती खिडकीकडे तोंड करून खाचेशी झटत राहिली. मुंगी बाजूला आली आणि पाहत राहिली, मांजर भिंतीतल्या भोकाकडे पाहतं तसं.

“येत नाहीये तुला,” मुंगी म्हणाली.

“येतंय.”

“नाही येत. मी उघडू?”

“तुझे बाबा माझा जीव घेतील.”

“ते जेवतायत.”

आत्याने दाराकडे एक नजर टाकली. मग तिने मिटलेला चाकू पुढे केला. मुंगीने धरला. लगेच काही म्हणाली नाही. बोटं नीट बसवली, जरा खाली ओढून वजन पाहिलं, आणि मग म्हणाली, “घेतला.” आत्याने सोडला, म्हणजे बोटं उघडली आहेत हे डोळ्यांनी पाहून घेतलं. टक्.

“पातं अंगापासून लांब. हां. चाकूने घाई करायची नाही. थोडं तासायचं, पेन्सिल फिरवायची, पुन्हा थोडं. आपण पेन्सिलीभोवती फिरायचं नाही, पेन्सिल आपल्यापुढे फिरते. जीभ आत घे, तिला टोक नाही करायचंय.” लाकडाची पातळ, वळलेली सालं खिडकीत पडत गेली. मुंगी चुकली, एकदा फार खोल गेली, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, पुन्हा वर आली. शेवटी जे टोक झालं ते ओबडधोबड होतं, पण उभं होतं. तिने दोन्ही तळव्यांत धरून चाकू मिटला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं; कधीतरी पाहून ठेवलं असणार.

“मुंगे!” जेवणाच्या खोलीतून भाच्याचा आवाज आला. “आत्याआजीकडचा चाकू घेऊन ये बरं इकडे.” खुर्ची मागे सरकली.

मुंगीने दाराकडे पाहिलं. मग तिने चाकूची मूठ आत्याकडे केली आणि हात पुढे धरला. पावलं येत होती. आत्याने घाईने हात नेला आणि म्हणाली, “घेतला.”

मुंगीने सोडला नाही.

“घेतला म्हटलं ना!” आत्या दबक्या आवाजात म्हणाली.

“नाही घेतलास,” मुंगी म्हणाली.

आत्याने खाली पाहिलं. तिचा अंगठा मुठीच्या वर तरंगत होता, आणि शेजारची दोन बोटं कशालाच लागलेली नव्हती. मध्ये हवा होती. फार नाही, बोटभर. कपाटाखाली गेलेल्या त्या तुकड्याचा आवाज तिच्या कानात पुन्हा झाला, आणि जन्मभर दादासाठी राखून ठेवलेले सगळे शब्द एकदम तिच्याच दारात येऊन उभे राहिले.  मुंगीने रिकाम्या हाताने तिचा पट्टी बांधलेला अंगठा उचलला, मुठीवर ठेवला, मग एक बोट, मग दुसरं, आणि वरून आपल्या तळव्याने दाबून धरलं. तरीही सोडला नाही. वाट पाहत राहिली.

“घेतला,” आत्या म्हणाली, या वेळी सावकाश.

तेव्हा मुंगीने सोडला.

दारात भाचा उभा होता, तळवा पुढे करून. त्याच्या खांद्यामागून दादा डोकावत होता. आत्याने चाकू धरलेला हात खिशाकडेही नेला नाही आणि भाच्याकडेही नेला नाही.

आणि मुंगीने काय केलं? तिने नुकतंच टोक काढलेली पेन्सिल घेतली, खाली वाकून ते टोक फरशीवर टेकवलं, मोडेपर्यंत दाबलं, आणि उठून, आत्याच्या पुढ्यात येऊन, तिच्याकडे पाठ करून उभी राहत बापाला म्हणाली, “थांब ना बाबा. आमचं अजून टोक व्हायचंय.”